ज्यानं उभं केलं, त्यानंच सोडायचं

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी काकांना फसवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की मी आडून आडून बोलले. सौदा माझ्या दुकानाच्या काउंटरवर झाला होता, हातावर हात मारून झाला होता, आणि काकांच्या वतीनं तो मी केला होता. इथं अमेरिकेत, पार्सिपनीत, पोळीभाजीच्या डब्यांपासून सुरुवात करून मी आज स्वतःचं दुकान चालवते. भाजीवाल्यापासून तपासणीला येणाऱ्या इन्स्पेक्टरपर्यंत सगळ्यांशी हुज्जत घातली आहे. पण एकदा ठरल्यावर समोरच्यानं शब्द फिरवावा आणि मला पत्ताही लागू नये, असं कधी झालं नव्हतं. या वेळी झालं, आणि भोगलं काकांनी.

काका म्हणजे आमचे पहिले घरमालक. साताऱ्याकडच्या, घरटी एक माणूस फौजेत असलेल्या एका गावातले. स्वतः मात्र इंजिनियर होऊन इकडे आले, जन्मभर पूल बांधले, बायको गेली, मुलगी लग्न होऊन मिशिगनला ट्रॉयला गेली, आणि एवढ्या मोठ्या घरात एकटे राहिले. त्यांचं बेसमेंट बघायला आम्ही नवरा-बायको गेलो तेव्हा मी माझ्या सवयीनं एकेक गोष्ट खेचायला सुरुवात केली. भाडं, गाडी लावायची जागा, वॉशिंग मशीनचे वार. नवरा कोपरानं ढोसत होता, "बास ना यार, चांगलं आहे घर." काका शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ठरलं तर मग. डिसमिस!"

माझं डोकंच फिरलं. "अहो, आत्ता हो म्हणालात आणि आत्ता डिसमिस? मी काय तुमच्याकडे नोकरीला आहे?"

काका खोकला येईस्तोवर हसले. "अगं पोरी, काढत नाही तुला. सोडतोय. परेड संपली की साहेब म्हणतो, डिसमिस! मग शिपाई मोकळा. हातपाय मोकळे, तोंड मोकळं, विडी ओढायला मोकळा."

"आमच्या नागपुरात डिसमिस म्हणजे घरी पाठवणं."

"तेच तर," काका म्हणाले. "घरीच पाठवायचं असतं."

पुढे कळलं की त्या घरातून कोणी 'येतो' म्हणून सुटत नसे. पाहुणे दारात बूट घालून उभे राहायचे, काका त्यांच्याकडे नीट बघायचे आणि म्हणायचे, "डिसमिस!" मग जायचं. कुरियरवाल्याला, बर्फ उपसायला येणाऱ्या पोरांना, फोनवरच्या मुलीला, सगळ्यांना तेच. एका वर्षी गणपती विसर्जनाला बादलीत मूर्ती बुडवताना सगळे 'पुढच्या वर्षी लवकर या' ओरडत होते, आणि काका हात जोडून हळूच म्हणाले, "डिसमिस, देवा. दहा दिवस उभा होतास."

"बसलेला होता काका," मी म्हटलं.

"सगळ्यांसमोर बसणं हे उभं राहण्यासारखंच असतं गं."

स्वतः ते कोणी सांगितल्याशिवाय बसत नसत. माझ्याकडे जेवायला आले की खुर्चीच्या मागे उभे. 'बसा' म्हटलं की बसायचे. हॉटेलाच्या दारात 'तुम्हाला बसवेपर्यंत थांबा' अशी इंग्रजी पाटी असते ना, तिच्यावर त्यांचा फार जीव. म्हणायचे, या देशानं लिहिलेलं सगळ्यात शहाणं वाक्य हे.

सकाळी ते ड्राइव्हवेवर चालत, पण चालणं कसलं, संचलनच. गॅरेजपासून पत्रपेटीपर्यंत लेफ्ट-राइट, तिथं टाच आपटून मागे फिरायचं, परत गॅरेज. थंडीत बर्फ पडला की आधी वाट साफ करायचे, तीही दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी रुंद. मी एकदा विचारलं, "एकट्याला एवढी कशाला लागते?"

"एक मी, एक वडील," काका म्हणाले आणि फावडं चालवत राहिले.

वडिलांची हकिकत मी इतक्यांदा ऐकली आहे की मीच लंडनला होते असं वाटतं. वडील दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर इटलीत लढले. लढाई जिंकल्यावर लंडनला विजयाचं मोठं संचलन ठरलं, राजा सलामी घेणार होता, आणि आपल्या देशातून जी निवडक माणसं गेली त्यात ते होते. बोटीनं गेले, तिथल्या एका बागेत तंबूत राहिले. संचलन झालं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, राजासमोर मान वळवून सलामी दिली, कोणा बाईनं त्यांच्या अंगावर फुलं टाकली. तळावर परत आल्यावर साहेबानं त्यांच्या तुकडीला रांगेत उभं केलं, म्हणाला, थांबा, येतोच. तेवढ्यात पाऊस आला. साहेब गेला तो गेलाच. हवालदाराला कोणी म्हणालं, आता सोडा. तो म्हणाला, मी कसा सोडू? ज्यानं उभं केलं, त्यानंच सोडायचं. अंधार पडला तशी मागची माणसं एकेक करून तंबूत सरकली. वडील शेवटपर्यंत राहिले. शेवटी भटारखान्यातल्या माणसानं हाताला धरून नेलं.

"पण डिसमिस कोणी म्हटलंच नाही," काका म्हणायचे. "गावी आले, शेती केली, माझं लग्न लावलं. पण कोणी बोलावलं की म्हणायचे, मी अजून परेडवर आहे. लोक हसायचे. ते हसत नसत. गेले तेव्हा मी इथं एका पुलाच्या कामावर होतो. भाऊ सांगत होता, टाचा जुळवून झोपले होते."

आजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले होते, ते तिकडेच राहिले. "त्यांचं बरं झालं," काका म्हणत. "त्यांना देवानं स्वतः सोडलं."

संध्याकाळी चहा घेऊन वर गेलं की टीव्हीवर जुनी काळी-पांढरी फिल्म चालू असायची. लंडनचं संचलन, न्यूयॉर्कचं, पॅरिसचं. रणगाडे, बँड, टोप्या उडवणारी माणसं. काका मधेच चित्र थांबवायचे आणि पडद्यावर बोट ठेवायचे. "हे वडील."

"काका, परवा तुम्ही त्या पलीकडच्याला वडील म्हणाला होतात."

"असेल. संचलनात सगळे सारखेच दिसतात, म्हणून तर ते संचलन." मग बोट मागे सरकवत, "पुढच्या रांगेकडे बघू नकोस. पुढच्यांचे फोटो निघतात. सगळ्यात शेवटच्या माणसाकडे बघ. त्याच्यामागे रस्ता झाडणारे येतात. त्याचा चेहरा बघ."

मी बघायची. मला भीती वाटायची त्या चेहऱ्यांची. जिंकलेल्या माणसांसारखे दिसत नसत ते. आता पुढे काय, असं विचारणारे चेहरे.

आम्ही बेसमेंट सोडून स्वतःचं घर घेतलं, तरी माझं येणंजाणं सुटलं नाही. काकांच्या छातीत पेसमेकर बसवला त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. आमच्या गावात मे महिन्याच्या शेवटी मेमोरियल डेची, लढाईत गेलेल्या सैनिकांच्या आठवणीची परेड निघते. मंडळाचं ढोल-ताशा पथक तिच्यात वाजवतं. काका म्हणाले, "मला त्यात एकदा चालायचंय. वडिलांची पदकं लावून. मंचासमोर मान वळवायची, पुढे जायचं, आणि शेवटी कोणीतरी डिसमिस म्हणायचं. वडिलांच्या वतीनं मी ऐकून घेतो. मग मी मोकळा, ते मोकळे."

मला हे ऐकून बरं वाटलं नाही. गुडघे गेलेले, छातीत यंत्र, मेमधलं ऊन. त्यात हल्लीचे दिवस असे की आपली माणसं माझ्या दुकानातसुद्धा आवाज खाली करून मराठी बोलतात, कोणाचा व्हिसा अडकलाय, कोणाचं ग्रीन कार्ड. अशात परक्या फौजेची पदकं लावून भर रस्त्यात? मी म्हटलं, "काका, लोक म्हणतील, हा कुठला सोल्जर?"

"म्हणूनच उजव्या बाजूला लावायची. स्वतःची डावीकडे, बापाची उजवीकडे. कळणाऱ्याला कळतं."

"आणि न कळणाऱ्याला?"

"तुझा पदर डाव्या खांद्यावर, गुजराथणीचा उजव्या. कोणी पोलिसांना बोलावतं का?"

हसले मी, पण काळजी गेली नाही. ट्रॉयहून त्यांच्या मुलीचा फोन आला, "ताई, बाबा तुमचं ऐकतात. त्यांना थांबवा, नाहीतर निदान सोबत राहा." थांबवणं मला जमण्यासारखं नव्हतं. मी सौदा करू शकत होते, तो केला.

अध्यक्ष श्रीखंडाची ऑर्डर द्यायला आले होते. चाळिशीतला माणूस, कंपनीत मॅनेजर, सगळ्यांना ताई-दादा करणारा. पथकाचे ढोल ठेवायला त्यांना जागा हवी होती आणि काकांचं गॅरेज रिकामं होतं. मी म्हटलं, "गॅरेज मिळेल, सरावही तिथंच करा, शेजाऱ्यांच्या तक्रारी काका सोसतील. पण परेडमध्ये काका पहिल्या रांगेत, पायी. गाडीत बसवून गणपतीसारखं मिरवायचं नाही. आणि शेवटी तुम्ही त्यांना डिसमिस म्हणायचं."

"डन, ताई! एवढंच ना?"

"हात द्या."

त्यांनी दिला. वर्षभर ते ढोल काकांच्या गॅरेजमध्ये राहिले. दर रविवारी सराव. शेजारीण दोनदा येऊन बोलून गेली. काकांनी तिला चकल्या दिल्या आणि डिसमिस केलं.

परेडच्या दिवशी माझा बटाटेवड्यांचा स्टॉल होता. मला काकांना आणायला जायचं होतं, पण ते म्हणाले, अध्यक्षांचा स्वतः फोन आला होता, शाळेच्या मागच्या पार्किंगमध्ये उभे राहा, आमचा माणूस येऊन रांगेत नेईल. मला तेव्हाच खटकलं. सगळे जमणार लायब्ररीपाशी, मग काका शाळेमागे का? पण म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला गर्दी नको म्हणून असेल. वडे तळत बसले.

बँड आला, अग्निशमनचे बंब आले, मोटारीतून हात हलवणारे म्हातारे सैनिक आले. मग आपले ढोल. मी झारा हातात घेऊन रस्त्याच्या कडेला धावले. पहिल्या रांगेत मंडळाचा फलक, नऊवारी आणि गॉगलवाल्या दोन मुली आणि मधे फेटा बांधलेले अध्यक्ष. काका नाहीत.

ताशावाल्या मुलाला ओरडून विचारलं, "काका कुठे?"

"काकांना बरं नाहीये ना ताई! अध्यक्ष म्हणाले, आले नाहीत!"

सकाळी तर माझ्याशी बोलले होते. मी फोन लावला, उचलला नाही. परत लावला. मग आठवलं, परेडवर असताना काका फोनला हात लावणार नाहीत. स्टॉल तसाच टाकला. पण रस्ता ओलांडायचा कसा? दोन्हीकडे अडथळे, पोलीस म्हणतो, मॅम, परेड संपेपर्यंत थांबा. मी त्याला म्हटलं, माझा माणूस तिकडे उन्हात उभा आहे. तो म्हणाला, सगळेच उन्हात उभे आहेत. शेवटी मागच्या गल्लीतून, लोकांच्या अंगणातून, चपला हातात घेऊन पळाले. पळताना एकच विचार, बसले असतील, कुठे सावलीत बसले असतील. आणि मनात माहीत होतं की बसा म्हटल्याशिवाय हा माणूस बसायचा नाही.

शाळेमागचं पार्किंग रिकामं होतं. मधोमध काका. निळा कोट, टाय, उजव्या छातीवर वडिलांची पदकं, टाचा जुळलेल्या, मुठी पॅन्टच्या शिवणीला. चेहरा लालबुंद. लांबून आपलेच ढोल ऐकू येत होते.

"काका, चला. सावलीत चला."

"आला का माणूस?"

"माणूस येणार नाही काका. फसवलं आपल्याला. परेड गेली."

ते हललेही नाहीत. मी दंड धरून ओढलं, तर खांबाला ओढल्यासारखं. मग मला सुचलं. सरळ त्यांच्यापुढे उभी राहून, असेल नसेल तेवढा आवाज काढून म्हटलं, "डिसमिस!"

काकांचे डोळे फक्त माझ्याकडे वळले. "तू नाही गं पोरी," ते हळूच म्हणाले. "तू कुठं उभं केलंयस मला?"

मी अध्यक्षांना फोन लावला. ढोलांच्या गजरात त्यांचा आवाज आला, "ताई, फोटो चाललेत, नंतर बोलू!" मी ओरडले, "आत्ताच्या आत्ता इकडे या, नाहीतर फोनवर एक शब्द बोला!" फोन बंद. परत लावला. परत लावला. मग नुसतीच त्यांच्या बाजूला उभी राहिले आणि ओढणी त्यांच्या डोक्यावर धरली. मी त्यांच्या छातीतल्या यंत्राकडे बघत होते, जसं काही कोटावरून दिसणार होतं. म्हटलं, "काका, निदान पाणी घ्या." ते म्हणाले, "परेडवर पाणी पीत नाहीत." आणि थोड्या वेळानं, अगदी साध्या आवाजात, "वडिलांना पाऊस तरी लागला होता."

मग त्यांचे गुडघे गेले. मी आणि ते दोघंही डांबरावर आलो. अँब्युलन्सला यायला वेळ लागला, कारण रस्ते परेडसाठी बंद होते.

काका वाचले. मुलगी येऊन त्यांना ट्रॉयला घेऊन गेली. घर विकायला निघालं. गॅरेजमधले ढोल कोणीतरी गुपचूप नेले.

मला कारण हवं होतं. अध्यक्ष म्हणाले, "ताई, समजून घ्या, टाउनच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं, फॉरेन आर्मीची मेडल्स कशाला म्हणून. हल्लीचं वातावरण बघता कमिटीनंच नको म्हटलं असतं. मला सगळ्यांचा विचार करावा लागतो. काकांना नाही म्हणवेना, म्हणून जरा बाजूला ठेवलं."

बाजूला ठेवलं! कढई आहे का ती?

परेडची सगळी व्यवस्था बघणारा मार्शल, व्हिएतनामला जाऊन आलेला म्हातारा गोरा, माझ्याकडे समोसे न्यायला येतो. त्याला मी सरळ विचारलं. तो म्हणाला, कोणीतरी कुरकुर केली होती खरी, पण आम्ही कोणालाच नको म्हटलं नाही. त्या गृहस्थांची जागा आम्ही पुढे ठेवली होती, आम्हाला वाटलं ते आजारी आहेत. मग मी त्याला पार्किंगची हकिकत सांगितली. त्यानं समोशांची पिशवी काउंटरवर ठेवली. म्हणाला, "तुम्ही म्हणत असाल तर मी जातो मिशिगनला, मी म्हणतो त्यांना तो शब्द." आणि मग स्वतःच मान हलवली. "नाही. उपयोग नाही. त्यांना उभं कोणी केलं होतं?"

बघा. न शिकवता त्याला कळलं.

मंडळाच्या सभेत मी उठून हेच विचारलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले, कोणी म्हणालं, ताई, शांत व्हा, चहा घ्या. मी म्हटलं, "चहा मीच पाठवलाय, मला माहीत आहे तो कसा आहे. काकांना डिसमिस केलंत का, तेवढं सांगा." अध्यक्ष माइक हातात घेऊन, छातीवर हात ठेवून म्हणाले, "मी सर्वांसमोर सांगतो, काका आपल्या मंडळाचे सन्माननीय सभासद होते आणि आहेत. मी काकांना डिसमिस केलेलं नाही!"

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत मी एकटीच उभी होते. माणसानं स्वतःच्या तोंडानं गुन्हा कबूल केला, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

रविवारी मी ट्रॉयला फोन करते. काका बोलतात, हवा, जेवण, नातवाचं फुटबॉल. गुडघे कसे आहेत विचारलं तर म्हणतात, उभ्याला काय होतंय. पण शेवटी तो शब्द म्हणत नाहीत. म्हणेनासेच झालेत, कोणालाच. बोलणं संपतं आणि फोन तसाच राहतो. मागे टीव्हीवर कुठल्या तरी जिंकलेल्या सैन्याचा बँड वाजत असतो, बुटांचा आवाज येत असतो. मी कानाला फोन लावून बसते. काका तिकडे आहेत, श्वास ऐकू येतो. मला फोन ठेवण्याचा धीर होत नाही आणि त्यांना कोणी सोडलेलं नाही. डॉक्टरांनी यंत्राबद्दल जे सांगितलंय ते मुलीनं मला सांगितलं आहे. ते मी इथं लिहिणार नाही. फार वेळ नाही, एवढंच.

तेव्हा अध्यक्ष, तुम्हाला विचारते आहे, आणि सगळ्या मंडळासमोर विचारते आहे. माफी नको, शाल-श्रीफळ नको, ग्रुपवर हात जोडलेली चित्रं नकोत. नूअर्कहून डेट्रॉइटला विमान जातं. तिथून ट्रॉय जवळ आहे. दार उघडल्यावर एक म्हातारा माणूस उभा राहील, कारण तुम्हाला बघून तो बसणार नाही. त्याच्यासमोर ताठ उभं राहून एकच शब्द म्हणायचा आहे, जो म्हणालो नाही असं तुम्ही माइकवर सांगितलंत. तुम्ही उभं केलंत. केव्हा सोडताय?